गावठाण शोधायला एडिसनला

बुधवार

अमेरिकेत न्यू जर्सीच्या नेवार्क विमानतळावरून निघाल्यापासून मी जावयाला तीनदा विचारलं, "एडिसन आलं का?" दोनदा तो "आता येईलच" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाबा, आपण दहा मिनिटांपूर्वीच एडिसनमध्ये शिरलो."

मला कळलंच नाही. पस्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली. शंकू-साखळीपासून जीपीएसपर्यंत सगळी यंत्रं हाताळली. गाव कुठे सुरू होतं हे न कळल्याचा प्रसंग फारसा आठवत नाही. आपल्याकडे आधी शिवार लागतं, मग एसटीचा थांबा, मग पार, देऊळ, आणि शेवटी दाटीवाटीचं गावठाण. इथे गवत, घर, गवत, घर, सिग्नल, पेट्रोल पंप, परत गवत. मधे एखादा मोठा रस्ता, त्याला छेदणारा त्याहून मोठा रस्ता. पार्कवे, टर्नपाइक, दोनशे सत्त्याऐंशी, रूट वन हे सगळे या एका गावातून किंवा त्याच्या अगदी काखेतून जातात.

'टाउनशिप' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मगरपट्ट्यासारखं काहीतरी होतं: गेट, वॉचमन, बिल्डरच्या नावाची कमान. मुलीने समजूत घातली की इथे टाउनशिप म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था. न्यू जर्सी राज्यात अशा ५६४ संस्था आहेत, त्यांचे पाच प्रकार, आणि टाउनशिप हा त्यातला एक. राज्यात जमिनीचा असा एक इंचही तुकडा नाही की जो कुठल्या ना कुठल्या संस्थेत बसत नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे हद्दी आहेत. हद्द आहे तिथे नकाशा आहे, आणि नकाशा असला की मला वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडत नाही.

रात्री झोप येईना म्हणून खिडकीत बसलो. गल्लीच्या समोरच्या बाजूला प्रत्येक घरापुढे चाकांचा कचऱ्याचा डबा उभा होता. आमच्या बाजूला एकही नाही. सकाळी हिला सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, आल्या दिवशी लोकांचे कचऱ्याचे डबे कसले मोजताय?"

गुरुवार

मुलीने ऑफिसातून नकाशा छापून आणला होता. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि बघतच राहिलो. एडिसनच्या पोटात एक भोक आहे. मेदूवड्याला असावं तसं. त्या भोकाचं नाव मटचन. त्याच्या चारी बाजूंना एडिसन. नैर्ऋत्येला आणखी एक लचका तोडलेला, तो हायलँड पार्क. दक्षिणेला रॅरिटन नदी ही नैसर्गिक हद्द, बाकी सगळ्या रेषा माणसांनी ओढलेल्या.

जुनी कागदपत्रं असतील तशी लावून पाहिली ती अशी. मूळ दोन वसाहती. पिस्कॅटवेची वस्ती १६६६ ची, वुडब्रिजची सनद १६६९ ची. त्याआधी इथे लेनापी लोक राहत. १८७० मध्ये या दोन्ही टाउनशिपांचे तुकडे काढून 'रॅरिटन टाउनशिप' नावाची नवी टाउनशिप केली. तीच आजची एडिसन. म्हणजे ती जन्मालाच आली पोटहिस्सा म्हणून. मग तिचेही पोटहिस्से पडले: १९०० मध्ये मटचन आणि १९०५ मध्ये हायलँड पार्क वेगळे झाले. त्या काळात न्यू जर्सीत गावं फुटण्याची साथच आली होती. १८९४ च्या कायद्याने टाउनशिपमधल्या सगळ्या शाळा एकाच कारभाराखाली आल्या. ज्या वस्तीला आपल्या शाळेचा पैसा आणि कारभार आपल्याच हातात हवा होता, तिला वेगळा 'बरो' (टाउनशिपसारखाच स्थानिक संस्थेचा आणखी एक प्रकार) होणं सोयीचं पडलं. भावकीत विहिरीच्या पाण्यावरून वाटण्या होतात, तशा इथे शाळांवरून झाल्या.

दुपारी मटचनला पायी गेलो. वीस मिनिटं. जाताना एके ठिकाणी रस्त्याच्या डागडुजीसाठी खणलं होतं, तिथे थबकलो. माती लाल. देवगडला असताना जांभ्याच्या लाल मातीने माझे दोन पांढरे शर्ट कायमचे गेले होते. ही तशी नव्हे, ही लाल शेल खडकाची, चिकट. पण रंगाने ओळख दिली. त्यात मात्र गोल गोटे, आणि प्रत्येकाची जात निराळी. या भागात हिमयुगातली हिमनदी येऊन थांबली आणि वितळताना उत्तरेकडून ओढून आणलेला दगडगोट्यांचा ढीग इथेच टाकून गेली. तो ढिगाऱ्याचा पट्टा पर्थ ॲम्बॉय, मटचन, प्लेनफील्ड असा जातो. वीसेक हजार वर्षांपूर्वीची ती हद्दीची निशाणी. तिच्यापुढे बाकीच्या रेषा परवाच्या.

मटचनला पोचलो आणि मला गावठाण सापडलं! रेल्वे स्टेशन, त्याला लागून मेन स्ट्रीट, दुतर्फा दुकानं, बाकावर बसलेली माणसं. फक्त ते एडिसनचं नव्हतं. वाटणीत गाभा मटचनने घेतला, पावणेतीन चौरस मैलांचा, आणि शिवार एडिसनला राहिलं. तीस चौरस मैल. माझ्या हिशेबाने १९,२०० एकर.

शुक्रवार

ओक ट्री रोड. याच्याबद्दल भारतातून निघतानाच इतकं ऐकलं होतं की मी थोडा फुगून बसलो होतो. साड्या, सोनं, मिठाया, चाट, लग्नाच्या पत्रिका आणि त्यांच्या मधेमधे वकील नि हिशेबनीस, हे सगळं आहेच. भाजीच्या दुकानात तोंडली, गवार, कढीपत्ता, सोललेले फणसाचे गरे. हिने नारळ वाजवून बघितला, तर शेजारची तेलुगू बाई आपल्या हातातलाही हिच्यापुढे करून म्हणाली, "देखिए ना, ये कैसा है?" दोघींनी मिळून चार नारळ नाकारले.

मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे एडिसनच ना? तो म्हणाला, "अंकल, ये तो आइसलिन है. एडिसन उधर." आइसलिन हा वुडब्रिज टाउनशिपचा भाग. म्हणजे ज्या बाजारामुळे एडिसनचं नाव आणंदपासून विजयवाड्यापर्यंत पोचलं, तो दोन टाउनशिपांत वाटलेला. एकाच रस्त्याचं नाव, एकच गर्दी, पण दुकानाचा परवाना कुठला ते पाटी बघून सांगता येत नाही. (पार्किंगचा दंड झाला की मात्र लगेच कळतं, असं जावई म्हणाला. तो अनुभवावरून बोलत असावा.)

जेवताना आकडे निघाले. १९५० मध्ये इथे १६,३४८ माणसं होती. १९६० मध्ये ४४,७९९. दहा वर्षांत पावणेतीनपट. ही युद्धानंतरची उपनगरी लाट: सैनिक परतले, कर्जं मिळाली, मोटारी आल्या, बटाट्याच्या आणि मक्याच्या शेतांवर घरं उठली. ती माणसं बहुतेक गोरी होती. नंतर १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला, देशवार जुना कोटा गेला, आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर यायला लागले. १९८० मध्ये ७०,१९३, २००० मध्ये ९७,६८७, आणि २०२० मध्ये १,०७,५८८. एकरी साडेपाच माणसं. २०१० च्या खानेसुमारीत दर शंभरात २८ भारतीय होते. २०२० मध्ये सगळे आशियाई मिळून निम्म्याच्या वर गेले.

हे काही हार घालून झालेलं नाही. १९८७ मध्ये इथून जवळच्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी कुंकू लावणाऱ्या बायकांना आणि एकूणच भारतीयांना धमकावत होती. त्या वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने मारहाण केली, त्यात तो गेला. एडिसनमध्ये १९९० च्या दशकात नवरात्रीचा गरबा किती वाजेपर्यंत चालवायचा यावरून टाउनशिप आणि आयोजक यांचं भांडण थेट फेडरल कोर्टात गेलं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर, हा वाद पुण्यातच असतो असं मला वाटायचं.

मराठी कानावर पडलं ते एकदाच, चाटच्या रांगेत. "अगं, शेवपुरीला कांदा नको सांग." न्यू जर्सीचं 'मराठी विश्व' मंडळ जुनं आहे, गणपती-दिवाळी-नाटकं सगळं होतं, पण या रस्त्यावर आपण गुजराती आणि तेलुगूंच्या मागे. हिला त्याचं वाईट वाटलं. मला शेवपुरीतल्या चिंचेचं.

शनिवार

मेन्लो पार्क, एडिसनच्याच हद्दीतलं. लहानपणी पुस्तकात वाचलेलं नाव. तेव्हा वाटायचं हा मोठा बाग-बगीचा असेल. प्रत्यक्षात तो जमिनीच्या धंद्यातला एक फसलेला डाव होता. रेल्वेलगत प्लॉट पाडून घरं विकायची योजना होती, ती चालली नाही. १८७६ मध्ये थॉमस एडिसनने तिथल्या स्वस्त जागेत प्रयोगशाळा थाटली. जिथे गिऱ्हाईक फिरकलं नाही तिथे पुढच्या वर्षी फोनोग्राफ बोलला आणि १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा टिकून जळला. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला लोकांना दिवे दाखवले, त्यासाठी पेनसिल्व्हेनिया रेलरोडने खास गाड्या सोडल्या. इथल्या एवढ्याशा क्रिस्टी स्ट्रीटवर विजेचे दिवे लागले तेव्हा न्यूयॉर्कचे रस्ते गॅसवर होते.

आता तिथे काँक्रीटचा मनोरा आहे, सुमारे १३० फुटी, आणि डोक्यावर तेरा-चौदा फुटांचा काचेचा बल्ब. १९३८ मध्ये एडिसनच्या जन्मदिवशी, ११ फेब्रुवारीला, त्याचं उद्घाटन झालं. शेजारी म्युझियम, म्हणजे जेमतेम दोन खोल्या. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मेणाच्या नळकांड्यावरचं गाणं लावून दाखवलं. किल्ली दिली, सुई टेकवली, आधी बराच वेळ कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि त्यातून हळूहळू एक माणूस गाताना ऐकू आला. नातू तोपर्यंत मोबाइल बघत होता. तो उठून कर्ण्याच्या तोंडाशी गेला आणि आत बघायला लागला. गृहस्थ म्हणाले, सगळी मुलं आत बघतात.

प्रयोगशाळा कुठे आहे, मी विचारलं. ती नाहीच. १८८४ मध्ये इथे एडिसनची पहिली बायको मेरी वारली, त्यानंतर त्याचं मन इथून उडालं. १८८७ मध्ये वेस्ट ऑरेंजला नवी मोठी प्रयोगशाळा झाली. मागे राहिलेल्या इमारती मोडकळीला आल्या. शेवटी हेन्री फोर्डने उरलंसुरलं उचललं आणि १९२९ मध्ये मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला जशीच्या तशी प्रयोगशाळा उभारली. लाकडं, विटा, भांडी नेलीच, शिवाय इथली लाल मातीही रेल्वेच्या डब्यांत भरून नेली, कारण इमारत मूळच्याच मातीवर उभी राहायला हवी होती.

हे ऐकल्यावर मी मनोऱ्यामागच्या पायवाटेवर उकिडवा बसलो आणि चिमूटभर माती उचलली. तीच लाल. जमीन जागेवर राहते आणि माणसं जातात, या भरवशावर आमचं खातं चालतं. इथे माणसाने जमीनच नेलेली. असला फेरफार कुठल्या रजिस्टरला घ्यावा?

रविवार

आज गावठाण सापडलं. दुसऱ्याचं, पण सापडलं.

वुडब्रिज ॲव्हेन्यूवर सेंट जेम्स चर्च आहे. या भागाचं नाव पिस्कॅटवेटाउन. पिस्कॅटवे टाउनशिप आजही आहे, शेजारीच, पण तिचं मूळ गाव इथे, एडिसनच्या हद्दीत अडकून राहिलं. १८७० च्या वाटणीत आईचं देवघर लेकीच्या खोलीत आलं, ते परत गेलंच नाही. चर्चशेजारी मोकळं मैदान आहे, त्याला 'कॉमन' म्हणतात. मला शब्द समजावून सांगायची गरज पडली नाही. गायरान. जुन्या काळी तिथे गावची शिबंदी कवायत करायची. आजूबाजूला साडेतीनशे वर्षांत जमिनीचे भाव कुठून कुठे गेले, पण हा तुकडा मोकळाच आहे. आपल्याकडची किती गायरानं माझ्या डोळ्यांदेखत गेली ते मी हिला सांगायला लागलो, तर ही पुढे निघून गेली.

चर्चची जुनी इमारत १८३५ च्या चक्रीवादळात पडली, नंतर परत बांधली. आवारात थडगी. त्यात एक १६९३ चं, विषारी अळंबी खाऊन गेलेल्या दोन भावांचं. दगड कमरेपर्यंतसुद्धा येत नाही. अक्षरं बोटाने चाचपावी लागतात. पावसाळ्यात कोकणात अळंबी निघाली की आमच्या मोजणीच्या शिपायाची आई एकेक फूल उलटं करून बघायची, मगच कढईत टाकायची. या दोन पोरांना असं बघणारं कुणी नसेल, किंवा बघणारीलाही इथली अळंबी नवीन असेल. नवा देश, नवं रान. हीसुद्धा तिथे बराच वेळ उभी राहिली. मग पर्समधला रुमाल काढून दगडावरची ओकची पानं झटकली.

परत येताना नदीच्या बाजूने आलो. रॅरिटन इथे समुद्राच्या जवळ असल्याने भरती-ओहोटीची, काठाला लव्हाळ्याची दलदल. हा दक्षिणेचा पट्टा स्फोटकांचा. १९१७ मध्ये सैन्याने इथे रॅरिटन आर्सेनल नावाचं दारूगोळ्याचं कोठार केलं, ते १९६३ पर्यंत होतं. जवळच निक्सन वस्तीत १ मार्च १९२४ ला कारखान्यात स्फोट झाला आणि वीसएक माणसं गेली. कोठार बंद झाल्यावर त्या जागेवर कॉलेज आलं, आणि रॅरिटन सेंटर नावाचं गोदामांचं शहर. जमिनीत राहिलेला दारूगोळा शोधून काढायचं काम सैन्याचे इंजिनिअर नंतर वर्षानुवर्षं करत राहिले. त्या गोदामांच्या परिसरातच मोठा गरबा व्हायचा, ज्याच्या आवाजावरून कोर्टकचेरी झाली. जवळजवळ पन्नास वर्षं बॉम्ब साठवले तेव्हाच्या आवाजाबद्दल कुणी कोर्टात गेल्याचं जावयाला तरी माहीत नव्हतं.

सोमवार

मुलगी-जावई कामावर, नातू शाळेत. आम्ही दोघं रूट वनवर फोर्डचा कारखाना होता ती जागा बघायला निघालो. १९४८ पासून २००४ पर्यंत तिथे गाड्या जोडल्या जात. मस्टँगसुद्धा तिथे तयार व्हायची. साठच्या दशकात या टाउनशिपमध्ये घर घेतलेल्या कितीतरी कुटुंबांचा पगार त्या फाटकातून बाहेर पडायचा. आता तिथे दुकानं आणि पार्किंग.

जागा समोर दिसत होती. फक्त मधे रूट वन होता. सहा पदरी, मधे काँक्रीटचा कठडा. फूटपाथ थोडा वेळ आमच्याबरोबर आला आणि एका खांबापाशी संपला. पुढे गवत, त्यापुढे उतार. गाड्या अशा जात होत्या की हिचा पदर सरळ आडवा उभा राहिला. मी म्हणालो, पुढे सिग्नल असेल. ही म्हणाली, "अहो, परत फिरा. तुमच्या फोर्डला माझा नमस्कार सांगा इथूनच." परत फिरलो. एखादी जागा तीनशे फुटांवर दिसावी आणि तिथे चालत जाता येऊ नये, असं मला सह्याद्रीत फक्त दरीच्या कडेला झालं होतं.

संध्याकाळी चहाला जावयाने नावाची गोष्ट सांगितली. १९५४ पर्यंत हिचं नाव रॅरिटन टाउनशिपच होतं. पण न्यू जर्सीत आणखीही रॅरिटन होती, एक हंटरडन काउंटीत, एक सॉमरसेटमध्ये. आपल्याकडे वडगाव म्हटल्यावर पुढे 'कुठलं?' येतं तसंच. शेवटी मतदान झालं आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये टाउनशिप एडिसन झाली. ज्या माणसाची प्रयोगशाळा पंचवीस वर्षांपूर्वी मातीसकट मिशिगनला गेली होती, त्याचं नाव इथल्या लोकांनी स्वतःला लावून घेतलं. त्यानंतरच्या कारभाराचा विषय निघाला: निवडून आलेला महापौर, सात जणांची कौन्सिल. जानेवारी २०२२ मध्ये सॅम जोशी महापौर झाले, या गावचे पहिले भारतीय वंशाचे. आडनाव ऐकून ही पटकन म्हणाली, "आपले का?" जावई म्हणाला, "आई, गुजरातेतपण जोशी असतात."

रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या कचऱ्याची गाडी येते. डबा तेवढा बाहेर लावाल?"

मी डबा ओढत फाटकाशी नेला आणि बघितलं तर आमच्या बाजूच्या सगळ्या घरांपुढे डबे आलेले. समोरच्या बाजूला एकही नाही. बुधवारी रात्री बरोबर उलटं होतं. आत येऊन नकाशा काढला, गल्ली शोधली. तुटक रेषा गल्लीच्या मधोमध जात होती. समोरची घरं मटचनची, त्यांचा वार वेगळा. आम्ही एडिसनचे.

परत बाहेर आलो. रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. पायाखाली डांबरात काही खूण नव्हती. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा गोरा माणूस स्वेटर घालून बसला होता. त्याने माझ्याकडे, मग आमच्या डब्याकडे पाहिलं आणि जरा दचकून उठायला लागला. मी हाताने खूण केली: बसा, बसा, तुमचा आज नाही.